आमच्या खरेदीखतातला 'लँड लॉट' आणि चेरोकींची जमीन

केतकीबन

गेल्या महिन्यात आम्ही घर घेतलं, अटलांटाच्या उत्तरेला फोर्साइथ काउंटीत. इथे आता आपली माणसं इतकी झालीत की भाजी निवडताना शेजारून मराठी ऐकू आली तरी मान वळत नाही. वकिलाच्या ऑफिसात सह्यांचा गठ्ठा उपसताना एका पानावर जमिनीचं वर्णन दिसलं. आपल्याकडे गट नंबर आणि चतुःसीमा लिहितात ना, तसं. लँड लॉट अमुक, दुसरा डिस्ट्रिक्ट, पहिला सेक्शन, फोर्साइथ काउंटी. लॉट म्हणजे आपला प्लॉटच असणार, असं समजून सही केली. घरी येऊन कागद पुन्हा चाळले तर प्लॉटचा नंबर त्याच पानावर निराळा दिलेला. मग हा लँड लॉट कसला?

तो लॉटरीतला लॉट निघाला. 1832 साली जॉर्जिया राज्याने चेरोकी या मूळ अमेरिकन लोकांचा मुलूख मोजला, त्याचे तुकडे पाडले आणि सोडत काढून गोऱ्या लोकांना वाटून टाकले. त्या मोजणीचे नंबर आजही चालू आहेत. मुलखाचे चार सेक्शन, सेक्शनचे डिस्ट्रिक्ट, डिस्ट्रिक्टचे लॉट. शेतजमिनीचा लॉट 160 एकरांचा आणि जिथे सोनं असेल असं वाटत होतं तिथे 40 एकरांचा. आमचा भाग सोन्याच्या पट्ट्यातला, त्यामुळे आमचा लॉट 40 एकरांचा. सोळाशे गुंठे. आज त्यावर आमची अख्खी कॉलनी बसली आहे.

सोडत मिलेजव्हिल गावात निघाली, तेव्हा ती राज्याची राजधानी होती. दोन पिंपं ठेवलेली. एकात नावांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात लॉटच्या. तीन वर्षं जॉर्जियात राहिलेल्या अठरा वर्षांवरच्या गोऱ्या पुरुषाला एक चिठ्ठी, बायकोमुलं असतील तर दोन. विधवांना आणि अनाथ मुलांनाही भाग घेता यायचा. नाव निघालं की थोडी फी भरायची, जमीन नावावर.

आणि हे सगळं चाललं होतं तेव्हा त्या जमिनीवर चेरोकी राहत होते. मका पेरत होते, पीचची झाडं राखत होते, मुलांना शाळेत पाठवत होते. त्यांनी ती जमीन विकलेली नव्हती. पुढे ज्या तहाचा आधार दाखवला गेला, तो व्हायला अजून तीन वर्षं होती.

आमच्या काउंटीचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते जॉन फोर्साइथ म्हणजे जॉर्जियाचे एके काळचे गव्हर्नर आणि नंतरचे सिनेटर. 1830 साली इंडियन रिमूव्हल अ‍ॅक्ट, म्हणजे मूळ अमेरिकन लोकांना पश्चिमेला हलवण्याचा कायदा, सिनेटमध्ये आला तेव्हा त्याच्या बाजूने हिरिरीने बोललेले गृहस्थ. उत्तरेला जवळच असलेली लम्पकिन काउंटी विल्सन लम्पकिन यांच्या नावाची. तेही चेरोकींना हलवायला आयुष्यभर झटले. रोज ज्या पाट्या वाचत गाडी चालवते त्या पाट्यांवर कुणाची नावं आहेत हे मला पंधरा वर्षांत ठाऊक नव्हतं.

इथे इतिहासाची जाण असलेली बरीच मंडळी आहेत. चुकलं असेल तिथे दुरुस्त करा, आणि यातलं अधिक ज्यांना ठाऊक आहे त्यांनी लिहा. मला खरंच सगळं समजून घ्यायचंय.


सह्यवारा

ताई, लेख वाचून मीही कपाटातून आमचे कागद काढले. आम्ही कॉब काउंटीत. लँड लॉट, डिस्ट्रिक्ट, सेक्शन, सगळं तसंच. अकरा वर्षं हे कागद घरात आहेत.

एक शंका. सरकारने चेरोकींना 50 लाख डॉलर दिले असं कुठेतरी वाचलंय. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. मग याला विक्री म्हणायचं की बळकावणं?


तळटीप

सह्यवारा, शंका रास्त आहे. पण उत्तर द्यायचं तर जरा मागून यावं लागेल.

1802 साली जॉर्जियाने आपला पश्चिमेकडचा हक्काचा प्रदेश, म्हणजे आजची अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं जिथे आहेत तो बराचसा भाग, केंद्र सरकारला दिला. मोबदला साडेबारा लाख डॉलर आणि एक वचन: जॉर्जियाच्या हद्दीतल्या इंडियन, म्हणजे मूळ अमेरिकन, लोकांचा जमिनीवरचा हक्क केंद्र सरकार शक्य तितक्या लवकर संपवेल. मात्र तो त्यांच्या संमतीने, वाजवी अटींवर संपवायचा होता. त्याच केंद्र सरकारने 1791च्या होल्स्टनच्या तहात चेरोकींना उरलेल्या जमिनीची हमी दिलेली होती. एकच जमीन, दोघांना दोन शब्द. पुढची पस्तीस वर्षं जे झालं त्याचं मूळ मला इथे दिसतं. एक शब्द मोडल्याशिवाय दुसरा पाळणं शक्यच नव्हतं, आणि मोडायचा कुणाचा हे ठरवणारी मतपेटी चेरोकींकडे नव्हती.

त्यात कापसाला भाव होता आणि 1829च्या सुमारास डालोनेगा भागात सोनं सापडल्याचा गवगवा झाला. जॉर्जियाने आपले कायदे चेरोकी मुलखावर लागू केले. त्यांच्या विधिमंडळाच्या सभांवर बंदी. त्यांच्याच जमिनीतलं सोनं काढायला त्यांना बंदी. गोऱ्या माणसाविरुद्ध चेरोकीची साक्ष कोर्टात चालणार नाही. हे शेवटचं कलम नीट वाचा. कुणी तुमच्या गोठ्यातून गुरं सोडून नेली, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं, आणि कोर्टात तुमच्या शब्दाला किंमत शून्य.

आता 50 लाखांचं. 29 डिसेंबर 1835ला न्यू एकोटा इथे तह झाला. चेरोकींचे निवडून आलेले प्रमुख जॉन रॉस त्याला नव्हते, त्यांच्या सरकारने तो मान्य केला नाही. सभेला आली होती काहीशे माणसं आणि सह्या विसाच्या आसपास लोकांच्या. 70 लाख एकरांच्या घरातली जमीन 50 लाखांना, शिवाय पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमात, बदली जमीन. त्या काळी सरकारी जमिनीचा किमान भाव एकरी सव्वा डॉलर होता, त्यावरून हिशेब करा. त्यातही हलवण्याचा आणि पोसण्याचा खर्च त्याच रकमेतून वळता व्हायचा होता. आपल्याच हकालपट्टीचं भाडं आपणच भरायचं.

सिनेटने तह मंजूर केला 31 विरुद्ध 15 मतांनी. दोन तृतीयांश लागत होती, म्हणजे एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर तह पडला असता. 15 हजारांहून अधिक चेरोकींच्या नावांचा निषेध अर्ज वॉशिंग्टनला गेला. तो मेजावर पडून राहिला.

याला विक्री कसं म्हणणार?


सह्यवारा

समजलं. धन्यवाद. ती साक्षीची गोष्ट वाचून सुन्न झालो.


मोडीवाचक

केतकीताई, न्यू एकोटाला जाऊन या. तुमच्यापासून दीड-दोन तासांवर, कॅल्हून गावाजवळ. 1825पासून ही चेरोकींची राजधानी. मी दोनदा गेलो.

मला तिथे ओढून नेलं ते लिपीने. सिक्वोया नावाच्या माणसाने 1821च्या सुमारास चेरोकी भाषेसाठी लिपी पुरी केली. त्याला स्वतःला इंग्रजी लिहितावाचता येत नव्हतं. बोलण्यातले सुटे आवाज ऐकून ऐकून त्याने प्रत्येक अक्षराला एक खूण दिली. आपल्या बाराखडीत 'क' आणि 'कि' यांच्यात मूळ अक्षर तेच राहतं आणि वेलांटी लागते, तसं इथे नाही. 'का'ची खूण निराळी, 'की'ची निराळी. अशा 85 खुणा. काही वर्षांत इतके लोक लिहायवाचायला शिकले की शेजारच्या गोऱ्या वस्त्यांपेक्षा इथलं साक्षरतेचं प्रमाण जास्त असावं, असं अनेक इतिहासकार मानतात.

21 फेब्रुवारी 1828ला 'चेरोकी फीनिक्स' हे वृत्तपत्र न्यू एकोटात सुरू झालं, चेरोकी आणि इंग्रजी दोन्हीत. संपादक इलायस बूडिनॉ. छपाईचे खिळे बॉस्टनमध्ये ओतून आणले होते. 1835मध्ये जॉर्जियाच्या शिपायांनी छापखाना जप्त केला. 1950च्या दशकात तिथे उत्खनन झालं तेव्हा मातीतून शिशाचे खिळे निघाले. आज तिथे छापखान्याची नवी उभारलेली इमारत आहे, आत तसलंच यंत्र. माझ्या वडिलांची उमेदीची वर्षं छापखान्यात गेली, खिळे जुळवण्यात. काळी बोटं, उलटी अक्षरं वाचायची सवय. त्या लाकडी खणांसमोर मी बराच वेळ उभा होतो. एखाद्या समाजाने स्वतःची लिपी घडवायची, खिळे ओतून घ्यायचे, घटना लिहायची (1827ची आहे), आणि सहा-सात वर्षांत शिपाई येऊन यंत्र उचलून नेणार.

जुनी म्हणावी अशी एकच इमारत जागेवर उभी आहे, सॅम्युएल वूस्टर या मिशनऱ्याचं घर. बाकी सगळं नव्याने बांधलेलं. 1962 साली हे स्थळ लोकांसाठी उघडलं त्या वर्षी जॉर्जियाने ते चेरोकीविरोधी कायदे अधिकृतपणे रद्द केले. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पुस्तकात तसेच होते.


नानाकाका

मोडीवाचक, वूस्टरचा विषय निघालाच आहे म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने 1832मध्ये चेरोकींच्या बाजूने निकाल दिला होता. सरन्यायाधीश जॉन मार्शल. तेव्हा अध्यक्ष जॅक्सन म्हणाले, 'मार्शलनी निकाल दिलाय, आता त्यांनीच तो अमलात आणावा.' लोकशाहीत याहून उद्दाम वाक्य झालं नसेल.


तळटीप

नानाकाका, निकाल खरा, पण ते वाक्य जॅक्सन यांच्या तोंडी नंतर घातलेलं आहे. ते प्रथम छापलं गेलं जॅक्सन वारल्यानंतर कितीतरी वर्षांनी, 1860च्या दशकात. आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात मात्र हा निकाल मेलेला जन्माला आला आहे, अशा अर्थाचं त्यांनी स्वतः लिहिलंय. मला तर हे जास्त भयंकर वाटतं. त्यात आव्हान नाही, चीड नाही. झालं ते झालं, पुढचं बघू, इतकंच.

निकालाचा क्रम सांगतो. 1831मध्ये पहिला खटला, चेरोकी नेशन विरुद्ध जॉर्जिया. मार्शल म्हणाले, चेरोकी हे परराष्ट्र नाही, ते 'देशांतर्गत अवलंबी राष्ट्र' आहे, त्यामुळे त्यांना इथे थेट दावा लावता येणार नाही. दुसरा खटला वूस्टर यांचा. राज्याचा परवाना आणि निष्ठेची शपथ न घेता चेरोकी मुलखात राहिले म्हणून जॉर्जियाने त्यांना चार वर्षं सक्तमजुरी दिली होती, सोबत एलायझर बटलर या दुसऱ्या मिशनऱ्यालाही. 3 मार्च 1832ला न्यायालय म्हणालं, चेरोकींच्या हद्दीत जॉर्जियाचा कायदा चालत नाही.

आता ताईंच्या लेखातली सोडत आठवा. वूस्टर यांना ठेवलं होतं मिलेजव्हिलच्या तुरुंगात. निकाल मार्चमध्ये लागला, पण ते सुटले पुढच्या जानेवारीत. आणि सोडत सुरू झाली मधल्या ऑक्टोबरमध्ये, त्याच मिलेजव्हिलमध्ये. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्याला सोडा म्हणून सांगितलंय तो माणूस गावाच्या तुरुंगात मजुरी करतोय, आणि त्याच गावात ती दोन पिंपं फिरताहेत. जॅक्सन यांच्या न बोललेल्या वाक्यापेक्षा हे दृश्य लक्षात ठेवा असं मी म्हणेन.


नानाकाका

दुरुस्तीबद्दल आभारी आहे. चाळीस वर्षं हे वाक्य विद्यार्थ्यांना सांगत आलो. यापुढे मिलेजव्हिल सांगेन.


शेवंता

एका गोष्टीकडे अजून कुणी वळलं नाही. चेरोकींमध्ये कूळ आईकडून चालायचं. एकूण सात कुळं. लग्न झालं की पुरुष बायकोच्या घरी राहायला यायचा. शेती बायकांची, घर बायकांचं. जमीन सगळ्या समाजाची, तिचा सातबारा कुणा एकाच्या नावे निघत नव्हता. तुम्ही कसलेलं शेत, बांधलेलं घर, लावलेली झाडं तेवढी तुमची.

1817 साली न्यान्येही, जिला इंग्रजीत नॅन्सी वॉर्ड म्हणतात, तिने आणि इतर बायकांनी पंचांना लेखी कळवलं होतं की आता जमीन आणखी देऊ नका. ती तेव्हा खूप म्हातारी होती, सभेला जाता येण्यासारखी नव्हती. आई म्हणून मुलांना सांगावं तशी भाषा आहे. जमीन कमी होत गेली तर नातवंडांनी कुठे जायचं, हा तिचा रोख.

आता सोडतीचे नियम याशेजारी ठेवून बघा. बायको असली की पुरुषाला जास्तीची चिठ्ठी. बाईचं नाव पिंपात पडायचं ते नवरा मेल्यावर. फक्त मालक बदलला असं झालं नाही. ज्या रीतीने जमीन बाईच्या हाती राहत होती ती रीतच मोडली.


राघू

सगळं वाचतोय. पण एक विचारतो, राग मानू नका. ज्या वीस जणांनी सह्या केल्या ते फितूरच ना? आणि चेरोकी लढले का नाहीत? सेमिनोल लढले की फ्लोरिडात.


तळटीप

राघू, राग कसला.

सह्या करणाऱ्यांत मेजर रिज, त्यांचा मुलगा जॉन रिज आणि पुतण्या इलायस बूडिनॉ. म्हणजे मोडीवाचकांनी लिहिलेल्या वृत्तपत्राचा तोच संपादक. हे तिघेही आधी स्थलांतराच्या कट्टर विरोधात होते. राष्ट्राच्या परवानगीशिवाय जमीन विकणाऱ्याला मृत्युदंड, हा जुना नियम 1829मध्ये लेखी कायदा झाला, त्यामागे रिज घराण्याचाच जोर होता. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कागदावरच राहणार हे वॉशिंग्टनमध्ये कळल्यावर जॉन रिज यांचं मत बदललं. आता राहिलो तर जमीनही जाईल आणि माणसंही, जे मिळतंय ते घेऊन निघावं, असा त्यांचा हिशेब. तो हिशेब साफ चुकीचा होता असं मला म्हणता येत नाही. पण समाजाच्या वतीने सही करण्याचा अधिकार त्यांना नव्हता, हेही तितकंच खरं. 22 जून 1839ला, नव्या मुलखात पोचल्यावर, तिघांनाही एकाच दिवशी वेगवेगळ्या ठिकाणी मारण्यात आलं. पुढे कित्येक वर्षं घराण्याघराण्यांत रक्तपात चालला.

मी त्यांना फितूर म्हणत नाही. ज्यांनी त्यांच्यापुढे तो कागद ठेवला त्यांच्याकडे आधी बघतो.

लढाईचं म्हणाल तर ते लढलेच की. घटना लिहून, वृत्तपत्र काढून, वकील लावून, दोनदा सर्वोच्च न्यायालयात जाऊन. दुसरा खटला जिंकलेही. लढायची आणखी कोणती रीत उरली होती, जी वापरल्यावर त्यांना रानटी म्हटलं गेलं नसतं?


राघू

पटलं. हे असं कधी डोक्यात आलं नव्हतं.


केतकीबन

इतकं लिहिताय सगळे, मनापासून आभार. शनिवारी कँटनच्या बाजूला गेले होते. तिथे फोर्ट बफिंग्टन होतं. फोर्ट म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतो तसला किल्ला नव्हे. लाकडाचे ओंडके रोवून केलेलं कुंपण, माणसं कोंडायला. आता रस्ता आहे, गवत आहे. बघायला काही नाही. तरी थांबले.

तहाने दिलेली मुदत मे 1838मध्ये संपली. जनरल विन्फिल्ड स्कॉट आणि 7 हजार सैनिक. 26 मेपासून जॉर्जियात घराघरातून माणसं काढायला सुरुवात झाली. जेवत असतील तर ताटावरून, शेतात असतील तर शेतातून. अंगावरच्या कपड्यांनिशी. मागोमाग लूट करणारे येत होते. घर सोडून जरा दूर गेलेल्यांनी मागे वळून पाहिलं तर धूर दिसत होता.

जेम्स मूनी या अभ्यासकाने पन्नासेक वर्षांनंतर म्हाताऱ्या लोकांकडून आठवणी टिपून घेतल्या. त्यातली एक माझ्या डोक्यातून जात नाहीये. घराला सैनिकांचा वेढा पडलेला पाहून एक बाई दारात आली, कोंबड्यांना हाक मारली आणि त्यांना शेवटचे दाणे टाकले. मग तान्हं पाठीशी बांधलं, दोन मुलांचे हात धरले आणि नवऱ्यामागून निघाली.

माझी आजी गावाकडचं घर दोन दिवसांसाठी सोडून आमच्याकडे यायची तेव्हाही निघताना आधी कोंबड्यांना दाणे टाकायची, मग चपला घालायची.


सह्यवारा

ताई, पुढची वाट कुठून गेली? नॅशव्हिलवरून गेली असं ऐकलंय. आमचे मेहुणे तिथे असतात.


तळटीप

हो, बऱ्याचशा तुकड्या नॅशव्हिलवरून गेल्या. आधी सगळ्यांना टेनेसी आणि अलाबामातल्या छावण्यांत आणलं, त्यातली एक रॉसेस लँडिंग, म्हणजे आजचं चॅटनूगा. जूनमध्ये तीन तुकड्या नदीमार्गे पाठवल्या. उन्हाळा, दुष्काळ, नद्या आटलेल्या, लोक आजारी. मग प्रवास थांबवला आणि छावण्यांत हगवण पसरली. पुष्कळ माणसं वाटेला लागायच्या आधी इथेच गेली, हे लक्षात घ्यायला हवं. या स्थलांतराला 'अश्रूंची वाट' म्हणतात आणि ते नाव घेतलं की बर्फातली रांग डोळ्यांपुढे येते, पण मरण उन्हाळ्यातच सुरू झालं होतं.

नंतर जॉन रॉस यांनी प्रवासाची व्यवस्था चेरोकींकडे मागून घेतली. सुमारे हजार-हजाराच्या तुकड्या शरदात निघाल्या. टेनेसी, केंटकी, इलिनॉय, मिझुरी. केंटकीत हॉपकिन्सव्हिलजवळ व्हाइट पाथ हे वृद्ध पुढारी वारले, त्यांची कबर तिथे आहे. मिसिसिपी नदीत बर्फाचे मोठे तुकडे वाहत होते, होड्या घालता येईनात. काही तुकड्या अलीकडे अडकल्या, काही पलीकडे, मध्ये नदी. रॉस यांच्या पत्नी क्वाटी लिटल रॉक इथे वारल्या. सोळा हजारांच्या आसपास माणसांपैकी चार हजार गेली असं साधारणपणे मानतात.

रॉस यांचं स्वतःचं घर आजच्या रोम गावाशी होतं. 1835मध्ये वॉशिंग्टनहून परतले तर त्यात सोडतीत नाव निघालेला माणूस राहायला आलेला. राष्ट्राचा प्रमुख टेनेसीच्या हद्दीत एका साध्या लाकडी झोपडीत राहायला गेला.


पूर्वा_टल्सा

मी ओक्लाहोमात राहते, म्हणजे ही वाट जिथे संपली तिथे. दोन गोष्टी लिहायच्यात.

पहिली जरा कडू आहे, पण सोडून दिली तर धागा अर्धा राहील. चेरोकींमधल्या सधन लोकांकडे गुलाम होते. 1835च्या शिरगणतीत सुमारे 16 हजार 500 चेरोकी आणि जवळपास 1600 गुलाम आहेत. ती काळी माणसंही याच वाटेने चालली. रस्ता साफ केला, लाकडं फोडली, मेलीही. 1866च्या तहाने मुक्त झालेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना चेरोकी नागरिकांचे हक्क दिले, तरी ते मिळवायला त्यांना 2017पर्यंत कोर्टात भांडावं लागलं. 2021मध्ये चेरोकींच्याच सर्वोच्च न्यायालयाने घटनेतले, नागरिक होण्यासाठी 'रक्ताने' चेरोकी असण्याची अट घालणारे शब्द काढून टाकले. मार खाल्लेल्यांनीही मारलेलं असतं. त्याने जॉर्जियाचा अपराध तसूभर कमी होत नाही, पण त्या सोळाशे माणसांची नावं कुणी घेत नाही म्हणून लिहिलं.

दुसरी, जमिनीबद्दलच. इकडे आल्यावर तरी जमीन राहिली का? 'कायमची तुमची' म्हणून दिलेला मुलूख. 1887च्या डॉज कायद्याने ठिकठिकाणच्या इंडियन जमिनी माणशी वाटायला सुरुवात केली, उरलेली वसाहतवाल्यांना. चेरोकी आधी त्यातून वगळलेले होते. 16 सप्टेंबर 1893ला चेरोकी आउटलेट नावाचा 60 लाख एकरांचा पट्टा खुला केला. दुपारी बारा वाजता बंदुकीचा बार, आणि लाखभर माणसं घोड्यांवरून, गाड्यांतून, पायी धावत सुटली. जो आधी खुंटी ठोकेल त्याचा तुकडा. जॉर्जियात पिंपं फिरली, इथे शर्यत लागली. मग 1898च्या कर्टिस कायद्याने चेरोकींची उरलेली सामाईक जमीनही मोडून माणशी सरासरी 110 एकर केली. 1907मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं आणि वाटलेल्या जमिनीही भराभर दुसऱ्यांच्या हाती गेल्या.

पण चेरोकींच्या आजच्या राजधानीत, ताहलेक्वाला, या कधी. रस्त्यांच्या पाट्या दोन लिप्यांत आहेत, सिक्वोयाची अक्षरं वर दिसतात. दवाखाने त्यांचे, शाळा त्यांच्या. चेरोकी नेशनचे साडेचार लाखांहून अधिक नोंदणीकृत नागरिक आहेत. न्यू एकोटाच्या त्याच तहात एक कलम आहे की चेरोकींना अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात एक प्रतिनिधी मिळेल. 2019मध्ये त्यांनी किम टीही यांचं नाव पुढे केलं. ज्या तहावर त्यांच्या सरकारने सहीच केली नव्हती त्याच तहातला हा एक शब्द तरी पाळा, असं ते आज सांगताहेत. अजून ती जागा मिळालेली नाही.


मोडीवाचक

पूर्वाताई, फार चांगलं केलंत लिहून. नॉर्थ कॅरोलिनात डोंगरात मागे राहिलेले चेरोकीही आहेत, क्वाला भागात. विल्यम हॉलंड थॉमस नावाच्या व्यापाऱ्याने त्यांच्यासाठी जमिनी स्वतःच्या नावावर घेऊन ठेवल्या होत्या, कारण त्यांच्या नावावर होणं शक्य नव्हतं.


हिवाळीबाग

मी कॅन्सासला असतो, विमानाने येता-जाता खाली नेहमी चौकोन दिसतात. रस्ते सरळ, शेतं चौकोनी. हे 1785च्या भूमी अध्यादेशाचं काम. सहा मैलांचा चौरस म्हणजे एक टाउनशिप, त्याचे 36 सेक्शन, प्रत्येक 640 एकरांचा, त्यातला सोळावा शाळेसाठी राखीव. आधी मोजणी, मग विक्री, मग वसाहत. पुढे 1862च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं कसेल त्याला 160 एकर मिळू लागले. शेवंताताईंनी लिहिलं तशी सामाईक जमीन या चौकोनांत मांडताच येत नाही, म्हणून आधी ती मोकळी करावी लागे.

जॉर्जिया या केंद्रीय मोजणीत नव्हतं, त्याची मोजणी राज्याने स्वतः केली. म्हणून तुमच्याकडे लँड लॉट.

आणखी एक. तुमच्याच फोर्साइथ काउंटीतून 1912मध्ये हजारावर काळ्या रहिवाशांना दहशत घालून हाकललं गेलं. त्यांच्याही जमिनी होत्या.


केतकीबन

हिवाळीबाग, हे 1912चं मला माहीत नव्हतं. कालची रात्र तेच वाचण्यात गेली. त्यावर वेगळा धागा काढायला हवा, काढेन.

मोजणीचं लिहिलंत म्हणून राज्याच्या अभिलेखागाराच्या संग्रहातून आमच्या डिस्ट्रिक्टचा 1832चा नकाशा उघडला. मोजणीदाराने हाताने काढलेला, चौकोनांवर चौकोन, प्रत्येकात आकडा. आमचा आकडा सापडला. त्या चौकोनातून एक नागमोडी रेघ गेली आहे. आमच्या मागच्या अंगणाच्या पलीकडे ओढा आहे ना, तोच. वळणही तेच.

सोडतीत नाव निघालेल्यांची यादी छापील मिळते, त्यामुळे 1832नंतरच्या मालकापर्यंत पोचता येतं. त्याच्या आधी ओढ्याकाठी कोण राहत होतं ते मात्र या नकाशात नाही. नुसता आकडा.


तळटीप

ताई, नकाशात नसलं तरी दुसरीकडे असू शकतं. तहानंतर 1836-37मध्ये सरकारी माणसं घरोघर फिरून चेरोकींच्या मालमत्तेची किंमत लावत होती, भरपाईसाठी. त्या वह्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कुटुंबप्रमुखाचं नाव, घर किती बाय किती फूट, मक्याची कणगी, गोठा, किती एकर कसलेली जमीन, सफरचंदाची झाडं किती, पीचची किती, प्रत्येकापुढे डॉलर आणि सेंट. आणि बऱ्याच नोंदी नदी-ओढ्यांच्या नावाने लावलेल्या आहेत. ओढ्याचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. तिथून सुरुवात करा.


केतकीबन

ठाऊक आहे. ओढ्याचं नाव चेरोकी माणसाच्या नावावरूनच पडलंय असं शेजारच्या आजोबांनी सांगितलं होतं. सोमवारी अर्ज करते. काही हाती लागलं तर नाव इथे लिहीन, झाडांच्या आकड्यासकट.